गिअर पडत नाही? आधी रॉड पाहा

जुन्या गाडीचा पहिला गिअर पडेनासा होतो, रिव्हर्स शोधत बसावं लागतं, किंवा चालता चालता लिव्हर अचानक हातात लुळा पडतो. गाडी ढकलत गॅरेजपर्यंत नेली की बहुतेक वेळा पहिलं वाक्य ऐकू येतं ते असं: ‘बॉक्स गेलाय, उतरवावा लागेल.’ मालक तिथेच हाय खातो. वीस-पंचवीस वर्षांची गाडी, बॉक्स उघडायचा खर्च हजारांत, वर सुटे भाग मिळतील की नाही याची धास्ती. मग इंजिन ठणठणीत, पत्रा शाबूत असलेली गाडी भंगारवाल्याकडे जाते. हे पाहून जीव तुटतो, कारण अशा कितीतरी गाड्यांत बॉक्सच्या आत काहीही बिघडलेलं नसतं. बिघडलेलं असतं ते लिव्हर आणि बॉक्स यांच्यामधलं लिंकेज, म्हणजे एक रॉड, दोन-तीन बुश आणि एखादा बोल्ट. बॉक्सवर पाना लावण्याआधी तो रॉड पाहून घ्या, आणि दुसऱ्याला पाहायला लावा, एवढ्यासाठी हा लेख.

उदाहरणाला मारुती ८०० घेतो. डिसेंबर १९८३ मध्ये ही गाडी रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. दरम्यान देशात २५ लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या, त्यामुळे आजही तालुक्याच्या गावी, कोकणातल्या वाड्यांत, डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर ती दिसते. तिचं लिंकेज साधं आहे. ते एकदा समजलं की त्या पिढीच्या इतर बऱ्याच छोट्या गाड्यांचंही समजतं.

या गाडीत इंजिन आडवं बसवलेलं असून गिअरबॉक्स त्याच्या शेजारी, पुढच्या चाकांच्या मधे आहे. लिव्हर मात्र मागे, दोन सीटच्या मधे. लिव्हरच्या पोटाशी एक गोळा असतो, तो नायलॉनच्या वाटीत फिरतो. त्याच्या खाली उरलेलं टोक रॉडला जोडलेलं. हा रॉड पुढे जाऊन बॉक्समधून बाहेर आलेल्या शाफ्टला एका सांध्यात बोल्टने जोडलेला असतो. तुम्ही लिव्हर पुढे-मागे केला की रॉड सरकतो, डावी-उजवीकडे केला की रॉड स्वतःभोवती थोडा वळतो. वळण्याने गिअरची जोडी निवडली जाते आणि सरकण्याने त्या जोडीतला एक गिअर पडतो. हे ध्यानात ठेवा, कारण लक्षणांचा अर्थ यातूनच लागतो. वळण्याचा कोन अगदी लहान असतो. सांध्यातला बुश जरासा झिजला की आधी हे वळणंच वाया जातं. म्हणून मधली जोडी नीट पडते, पण कडेची, म्हणजे पहिला-दुसरा किंवा रिव्हर्स, सापडत नाही. बॉक्स आतून गेला असेल तर असं नेमकं कडेच्याच गिअरांवर रुसायचं त्याला कारण नसतं.

शेजारून आणखी एक दांडा जातो, त्याला एक्स्टेन्शन रॉड म्हणतात. तो गिअर टाकत नाही, म्हणून नवखा मेकॅनिक त्याकडे बघतही नाही. पण त्याचं काम मोठं आहे. इंजिन आणि बॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असतात, ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की ते डुलतात. लिव्हर नुसता गाडीच्या पत्र्याला घट्ट असता तर बॉक्सच्या प्रत्येक डुलण्याबरोबर गिअरचा रॉड ओढला गेला असता आणि गिअर सुटला असता. एक्स्टेन्शन रॉड लिव्हरचं बूड बॉक्सला बांधून ठेवतो, त्यामुळे दोघं एकत्र डुलतात. त्याचं रबर गेलं की चढावर ॲक्सिलरेटर दिला की लिव्हर थरथरतो, आणि सोडला की गिअर उडतो. आणि लोक बॉक्समधल्या सिंक्रो रिंगला दोष देतात.

आता तपासणी. घाईने गाडीखाली शिरण्याआधी क्लचची शंका मिटवून घ्या. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. बंद इंजिनवर सगळे गिअर मुकाट पडतात, पण इंजिन चालू केलं की कर्र आवाज करतात, विशेषतः रिव्हर्सला, तर दोष बहुधा क्लचचा आहे. ८०० ला क्लच केबल आहे. ती ताणली गेलेली असेल, पेडलचा प्ले, म्हणजे सैलपणा, वाढला असेल, तर आधी तेवढं ॲडजस्ट करून घ्या. इंजिन बंद असतानाही गिअर सापडत नसेल, किंवा लिव्हर कुठेही न अडता गरगर फिरत असेल, तर मात्र लिंकेजकडे वळा.

ही तपासणी दोघांची आहे. गाडी सपाट जागेवर, इंजिन पूर्ण थंड. हे ‘थंड’ मनापासून सांगतो, सायलेन्सरचा पाइप या रॉडच्या अगदी जवळून जातो. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, मग पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, विटांवर तर मुळीच नाही. वीट अर्ध्या क्षणात फुटते. स्टँड नसतील तर गॅरेजच्या रॅम्पवर काम करून घ्या, घरी करू नका.

एकाने आत बसून लिव्हर हळूहळू पुढे-मागे आणि मग डावी-उजवीकडे हलवायचा. दुसऱ्याने खाली झोपून टॉर्चच्या उजेडात हालचालीचा माग काढायचा. लिव्हरचं खालचं टोक हलतंय, त्याबरोबर रॉड हलतोय का? रॉडचं मागचं टोक हलतंय, पुढचं हलतंय का? पुढचं हलतंय, मग बॉक्सचा शाफ्ट हलतोय का? ज्या सांध्याच्या एका बाजूला हालचाल आहे आणि दुसऱ्या बाजूला ती उशिरा पोचते किंवा पोचतच नाही, दोष तिथेच. या तपासणीला पैसा लागत नाही. पाच-दहा मिनिटं मन लावून पाहिलं की अंदाज बांधायची गरजच राहत नाही.

बॉक्सजवळच्या सांध्याकडे जरा जास्त वेळ द्या. चिखल आणि तेलाचा थर खरवडून काढा. बुश गेलेला असला तर बोल्टभोवती तांबूस भुकटी दिसते, ती लोखंड लोखंडावर घासल्याची खूण. बोट लावून रॉड हलवला तर ‘टक’ असा बारीक आवाज येतो. बोल्ट काढून पाहिलात तर त्याच्या मधोमध खाच पडलेली असेल आणि ज्या भोकातून तो जातो ते गोल राहिलेलं नसेल, अंडाकृती झालेलं असेल. त्या भोकात नवा बुश बसवूनही प्ले उरणार. तेव्हा भोक वेड्यावाकड्या आकाराचं झालेलं दिसलं तर नुसत्या बुशवर भागवू नका, रॉडच बदला.

सांधा सोडवलेलाच आहे तर निर्णायक चाचणी तिथेच उरकून घ्या. रॉड बाजूला करा, शाफ्टच्या टोकाला फडकं गुंडाळून पकडीने धरा आणि हलकेच वळवून आत-बाहेर सरकवा. गाडी बंद असताना कधी कधी आतले दात समोरासमोर येऊन अडतात. अशा वेळी जोर लावू नका. उचललेलं पुढचं चाक हाताने थोडं फिरवा आणि पुन्हा सरकवा. शाफ्ट ठाम खटका देत प्रत्येक जागी बसत असेल तर बॉक्सच्या आतली निवड ठीक आहे, बिघाड बाहेरचाच. शाफ्टच अडत असेल, किंवा खटका न लागता सैल सरकत असेल, तर दोष आतला. मग बॉक्स उतरवायला हरकत नाही, कारण आता तुम्ही तपासून ठरवलेलं आहे. शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथलं ऑइल सीलही पाहा. लिंकेजमधला प्ले बरेच दिवस चालू दिला की शाफ्ट तिरका घासतो आणि सील गळू लागतं. बॉक्समधलं तेल त्या वाटेने थेंबाथेंबाने जातं आणि कुणाला पत्ता लागत नाही. बाहेरच्या बिघाडातून खरोखर आतला बिघाड होतो तो असा.

दुरुस्तीचा बेत करताना एकच बुश बदलायचा मोह टाळा. एक नवा आणि तीन जुने अशी जोडी लावली की उरलेला प्ले त्या तिघांत जाणवतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा गाडीखाली जावं लागतं. दुकानात ‘गिअर लिव्हर किट’ किंवा ‘लिंकेज बुश किट’ मागा. त्यात गोळ्याची वाटी, सांध्याचे बुश, कधी स्प्रिंग आणि रबरी बूट असतो. एक्स्टेन्शन रॉडचं रबर बहुधा वेगळं घ्यावं लागतं. हे सगळं मिळून खर्च शेकड्यांत राहतो. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या परिसरातली सुट्या भागांची दुकानं आणि पुण्यात नाना पेठ, इथे ८०० चा माल अजून मिळतो. गाडीचं साल आणि बॉक्स चार गिअरचा की पाच गिअरचा हे सांगायला विसरू नका, आणि जुना भाग बरोबर न्या. काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून बुशची लांबी आणि बोल्टची जाडी जुळवून पाहा. नखाने दाबल्यावर खळगा पडतो असं मऊ प्लॅस्टिक परत करा.

जुन्या हातांचे मिस्त्री म्हणतात, ‘लेथवर पितळी बुश करून देतो, जन्मभर जाणार नाही.’ हा सल्ला अर्धा खरा आहे. पितळ टिकतं, पण त्याला तेल-ग्रीस द्यावं लागतं, आणि त्यातून इंजिनची थरथर सरळ लिव्हरमध्ये येते. शिवाय माप जरा घट्ट झालं तर झीज बुशवरून रॉडवर आणि बॉक्सच्या शाफ्टवर सरकते. सांध्यात झिजायचं कुणी, तर ज्याची किंमत सगळ्यात कमी त्याने. म्हणून कंपनीचा बुश मिळतो तोवर तोच घाला. मिळतच नसेल तर आधी चांगल्या नायलॉनचा बुश लेथवर करून घ्या आणि पितळ शेवटचा पर्याय ठेवा. एक्स्टेन्शन रॉडच्या रबराच्या जागी मात्र नायलॉन नको आणि पितळ तर नकोच. तिथे लवचिकपणाच लागतो.

प्रत्यक्ष काम करताना सोडवण्याआधी खुणा करा. रॉड आणि शाफ्ट ज्या कोनात जुळलेले आहेत तिथे पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारा आणि मोबाइलने फोटो काढा. वॉशर कोणत्या क्रमाने आहेत हेही फोटोत येऊ द्या. दहा आणि बारा नंबरचे गोटी पाने आणि रिंग पाने लागतात. गंजलेल्या नटावर गंज सोडवणारा स्प्रे आदल्या रात्रीच मारून ठेवा. पावसाळी भागातल्या गाड्यांत हे बोल्ट असे धरलेले असतात की घाईत डोकंच गोल होतं. जुना बुश काढताना रॉडवर हातोडी चालवू नका. व्हाइसमध्ये धरून, मागे मोठी गोटी आणि पुढे छोटी गोटी लावून दाबला तर तो सरळ बाहेर येतो. नवा बसवतानाही हीच रीत. नायलॉनच्या वाटीला आणि गोळ्याला ग्रीस भरपूर लावा, रबराला मात्र साधं ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगून सडतं. रबर बसत नसेल तर साबणाचं पाणी पुरतं. नट सगळे नवे, आणि आतून नायलॉनची रिंग असलेले घ्या. इथला सैल नट गाडी रस्त्यात उभी करतो.

रबरी बूट फाटलेला असेल तर तो तसाच परत बसवू नका. धूळ आणि पाणी वाटीत शिरतं ते तिथूनच, आणि सगळी झीज बहुतेक वेळा तिथूनच सुरू झालेली असते.

रॉड तुटला असेल किंवा वेल्डिंगच्या जागी तडकला असेल तर? नवा मिळत असेल तर नवा घ्या. मिळत नसेल तर त्याच मॉडेलच्या भंगारातल्या गाडीचा सरळ, न वाकलेला रॉड घ्या. सपाट फरशीवर लोळवून पाहिला की बाक कळतो. वेल्डिंगशिवाय गत्यंतरच नसेल तर रॉड गाडीतून पूर्ण बाहेर काढूनच वेल्ड करा. गाडीखाली पेट्रोलची नळी जाते, तिथे वेल्डिंगची ठिणगी नको. तुटलेली टोकं मूळ लांबीत आणि मूळ कोनात जुळवून आधी दोन ठिकाणी टाके मारायचे, गाडीत लावून सगळे गिअर पडतात का पाहायचं, मगच बाहेर काढून पूर्ण वेल्ड घ्यायचा. रॉड थोडा जरी वळून बसला तरी न्यूट्रलमध्येच लिव्हर कलता राहतो आणि एका बाजूचे गिअर पुन्हा दुरावतात.

सगळं जोडल्यावर लिव्हर न्यूट्रलला सरळ उभा राहतो का पाहा. हाउसिंगला गाइड प्लेट असेल तर तिचे बोल्ट सैल करून, लिव्हर मधोमध आणून पुन्हा आवळता येतात. प्रत्येक गिअर टाकल्यावर लिव्हर कन्सोलला किंवा बुटाच्या कडेला टेकत नाही ना, तेही तपासा. टेकत असेल तर गिअर अर्धाच पडलेला असतो आणि पहिल्या खड्ड्यात सुटतो. मग गाडी खाली उतरवून मोकळ्या जागेत चालवा, आणि आठवड्याभराने नट पुन्हा तपासा. नवे बुश बसल्यावर नट किंचित सैलावतात.

हँड गिअरच्या गाड्यांचं तंत्र थोडं निराळं आहे. पद्मिनी आणि जुनी अँबेसेडर आजही हौसेने जपणारे लोक आहेत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात तिची वीस वर्षांची मुदत संपली, पण खाजगी गाड्या अजून धावतात. त्यांच्यात लिव्हर स्टिअरिंगला असतो आणि तिथून शाफ्ट, छोटे लिव्हर आणि रॉड अशी साखळी बॉक्सपर्यंत उतरते. सांधे जास्त, म्हणजे झिजायच्या जागाही जास्त. प्रत्येक ठिकाणी नखभर प्ले जमला तरी शेवटी बॉक्सपाशी अर्धीच हालचाल पोचते. खाली दोन लिव्हर शेजारी शेजारी असतात तिथे झिजेमुळे एक न्यूट्रलला परत येण्याआधीच दुसरा धरला जातो, आणि गिअर दोहोंच्या मधे अडकतो. इंजिन बंद करून, बॉनेट उघडून दोन्ही लिव्हर एका रेषेत आणले की ते सुटतं. जुने टॅक्सीवाले हे सिग्नलवर उतरून करायचे. पण वारंवार असं होत असेल तर पिना आणि बुश एकगठ्ठा बदला. या गाड्यांत मात्र लेथवाल्याला पर्याय नाही, तो चांगला शोधा.

नंतरच्या बऱ्याच गाड्यांत रॉड जाऊन दोन केबल आल्या, एक निवडीची आणि एक गिअर टाकण्याची. त्यांत केबलच्या टोकाची प्लॅस्टिकची वाटी फुटून ती गोळ्यावरून निसटते. वाटी सुटी मिळाली तर तेवढ्यावर भागतं, नाहीतर पूर्ण केबल. तारेने बांधून कायम चालवू नका.

आणि हे रस्त्यातच घडलं तर? गाडी कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा, इंजिन बंद करा. सांध्याचा बोल्ट पडला असेल तर त्याच जाडीचा कुठलाही बोल्ट नट लावून चालतो, पंक्चरवाल्याकडेही मिळतो. बोल्ट नसेल तर जाड तार भोकातून दोन-तीन वेढे घालून पिळा. एवढ्यावर हळूहळू गॅरेजपर्यंत जाता येतं. रॉडच तुटला असेल आणि शाफ्टपर्यंत हात पोचत असेल, तर इंजिन बंद असतानाच शाफ्ट हाताने सरकवून दुसऱ्या गिअरला लावायचा. मग क्लच पूर्ण दाबून स्टार्ट करायचं आणि सावकाश निघायचं. थांबायचं तर क्लच दाबून थांबायचं. सपाट रस्त्यावर, दिवसा, जवळच्या अंतरासाठी हा उपाय ठीक आहे.

आंबा, आंबोली, वरंध अशा घाटात मात्र हे धाडस करू नका. उतारावर गिअर उडाला तर तो परत टाकायला तुमच्याजवळ लिव्हर नसतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होऊ शकतात. तिथे टोइंगच बोलवा. येणाऱ्याला फोनवरच सांगा की गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे आणि गिअरमध्ये अडकलेली असू शकते, म्हणजे तो पुढची चाकं उचलून नेण्याच्या तयारीने येईल.